हिरवी जीभ

“धरा हं घट्ट. जागा बधिर केलीय, पण सुई बघूनच बिथरतात हे,” डॉक्टरीणबाई म्हणाली, आणि पिल्नामच्या नवऱ्यानं, दकसूनं, बैलाची वेसण आवळली.

पाठीच्या कण्याला लागून सुई आत गेली. मोहरीच्या दाण्याएवढं मांस निघालं आणि पांढरी वाफ सोडणाऱ्या थंडगार डब्यात पडलं. सोलगोलची निम्मी वाडी गोठ्यासमोर जमली होती. संशोधन केंद्राची गाडी या डोंगरात वर चढायची ती फक्त दकसूकडे आणि त्याच्या धाकट्या भावाच्या विधवेकडे, कारण एका गाईला एकसारखे दोन गोऱ्हे होणं ही काही रोजची गोष्ट नव्हे. त्यातला आधी जन्मलेला सासूबाईंनी थोरल्या घरी दिला आणि मागून आलेला धाकट्या घरी. नावंही तीच पडली, थोरला आणि धाकटा. दोन्ही गोठे एकमेकांना लागून, मध्ये फक्त शेणाचं गटार.

“मागच्या खेपेचा निकाल आलाय,” हातमोजे काढत डॉक्टरीणबाई म्हणाली. “हे दोघं रक्तानं एकच आहेत. जनुकं अगदी तीच. पण गंमत बघा, धाकट्याच्या मांसात चरबी करणारी जनुकं जागी झालीत, जोरात कामाला लागलीत. मांसात पांढरी जाळी धरतेय सुंदर. थोरल्याची मात्र झोपलीत.”

“झोपलीत म्हणजे? उठवा की मग!” वाडीचा प्रमुख ओरडला. सगळे हसले. पिल्नाम हसली नाही.

“झोपवतं कोण ते सांगते ना. याच्या रक्तात अ जीवनसत्त्व खूप निघालं. याला कोणी हिरवं घालतं का?”

बैल खुराकावर आला की त्याला हिरवं पान दाखवायचं नाही, हे सोलगोलच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वाळून पांढरा पडलेला भाताचा पेंढा आणि भरडा, बस्स. हिरवं पोटात गेलं की मांसातली चरबी अडते, आणि मग कितीही राबा, कापल्यावर मांस लालभडक निघतं, दर्जा घसरतो.

“मी नाही बाई घालत,” भिंतीशी उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते. एवढ्यात थोरल्यानं मान लांब केली आणि त्यांच्या पाठीमागून रताळ्याचा एक भलामोठा वेल ओढून सर्वांदेखत खायला सुरुवात केली.

हशा पिकला. पिल्नामच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. “आई! अहो, तुम्ही माझ्या मुळावरच उठलात की! मी रात्रंदिवस खपायचं आणि तुम्ही चोरून चोरून…”

“बैल आहे तो, दगड नव्हे,” सासूबाई म्हणाल्या. “सुका पेंढा खाऊन घशाला कोरड पडते त्याच्या. माझ्याकडे बघून जीभ काढतो.”

“जीभ काढतो! म्हातारपणी कळायला नको काही?”

हे पिल्नामनं बोलायला नको होतं, निदान चारचौघांत तरी. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. मग त्यांनी काठी आपटली. “बरं. मला कळत नाही ना? मग ऐका सगळे. पुढच्या वर्षी चुसॉकला, पितरांच्या पौर्णिमेसाठी, दोन्ही बैल कापायला जातील. ज्याचा दर्जा वर, त्याच्या घरचं मांस तुझ्या सासऱ्यांच्या ताटात. थोरलीचं असो नाहीतर धाकटीचं.”

पितरांचं ताट! लग्न होऊन पिल्नाम या घरात आली तेव्हापासून दर चुसॉकला ते ताट तिच्याच हातचं होतं. थोरल्या सुनेचा तो मान. बाकी काही नसलं तरी तो होता.

“आई, असं काय बोलता?” धाकटी जाऊ मिरान मऊ आवाजात म्हणाली. “ताट वहिनींचंच. मला कशाला ते?”

हेच, नेमकं हेच. भांडली असती तर परवडलं असतं.

*

पिल्नाम मिरानवर जळत होती. आडपडदा ठेवून बोलायचं कारण नाही, जळत होती, आणि ते तिला स्वतःला पक्कं माहीत होतं. पिल्नाम या नावाचा अर्थच मुळी ‘पुढच्या खेपेला नक्की मुलगा’. तिच्या आईबापांनी तिच्याकडे बघून नव्हे, तिच्या मागून येणाऱ्याकडे बघून ते ठेवलं होतं. सासरी आली तर इथं सासरा, चुलत सासरे, दीर, डोंगराएवढ्या किमचीच्या बरण्या आणि वर्षभराची श्राद्धं. हिवाळ्यात कोबी धुताना बोटं सुजायची. कोणी कधी म्हणालं नाही, पिल्नाम, बस जरा.

मग दहा वर्षांनी मिरान आली, केस कुरळे करून. पहिल्याच दिवशी तिनं केलेलं सार खारट झालं होतं, आणि कधी न हसणारा सासरा ते पिऊन हसला. “समुद्र आणलास की काय गं पोरी?” म्हणाला. पिल्नामचं सार उभ्या जन्मात खारट झालं नव्हतं, त्यामुळे त्यावर हसण्यासारखं कोणाला काही सापडलंच नाही.

तेव्हापासून हेच चाललं होतं. मिराननं मिरच्या लावल्या की त्या लालबुंद. मिराननं कोंबडी बसवली की सगळी पिल्लं जगायची. नवरा गेला तेव्हा पिल्नामला वाटलं, देवा, आता तरी हिचं हसू आटेल. असं वाटल्याची तिला लाजही वाटली, पण वाटलं ते वाटलं. मिरान वर्षभर रडली आणि पुन्हा हसायला लागली. आता ती रोज दुपारी वाडीच्या बैठकीच्या घरात म्हाताऱ्यांचा स्वयंपाक करायला जायची, आणि सासूबाई तिच्या हातचं जेवून यायच्या ते गालातल्या गालात हसत.

आणि आता तिच्या बैलाची जनुकंसुद्धा जागी!

त्या दिवशी डॉक्टरीणबाईची गाडी उतारावरून खाली गेली आणि पिल्नामनं गोठ्याच्या दाराला कुलूप ठोकलं. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

“अगं, गोठ्याला कुलूप? काय तिजोरी आहे का?” दकसू म्हणाला.

“तुमच्या आईसाहेबांना सांगा ते.”

सासूबाई संध्याकाळी आल्या, कुलूप बघितलं. हातातला वेल त्यांनी उंबऱ्यावर ठेवला आणि निघून गेल्या. तो तिथंच सुकला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्नाम मिरानच्या गोठ्यात गेली ती नुसती बघायला. खरंच, नुसती बघायला. मिरान बैठकीत भात शिजवत होती, सासूबाई तिथंच होत्या, दकसू शेतावर. धाकटा रवंथ करत बसला होता. पाठ कशी गादीसारखी भरलेली, शेपटीच्या मुळाशी चरबीच्या वळ्या. तिला पाहून तो उठला, पुढे आला, आणि गव्हाणीच्या कडेवर त्याचं नाक आपटलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. पिल्नामनं त्याकडे फार लक्ष दिलं नाही. तिच्या डोक्यात एकच चालू होतं, हा माझाच बैल आहे, तोच, फक्त हिच्या दारात आहे म्हणून फुलला.

बाहेर बांधावर रताळ्याचे वेल होते. देठ सोलून भाजी करायला पिल्नाम ते रोज काढायची. तिनं एक जुडी उचलली आणि मागचापुढचा विचार न करता गव्हाणीत टाकली.

धाकट्यानं आधी हुंगलं. मग असा तुटून पडला की बस्स. दाणा ओरपताना बैल डोळे मिटत नाही. यानं मिटले.

“खा,” पिल्नाम म्हणाली. “खा मेल्या, खा. तुझी ती जागी झालेली सगळी झोपव पुन्हा.”

घरी आल्यावर ती स्वतःची समजूत घालत राहिली. विष घालणारे असतात, पाय मोडणारे असतात. तिनं काय केलं होतं? बैलाला चारा घातला होता. असा गुन्हा सोलगोलबाहेर कोणाला सांगितला असता तर तो हसला असता.

पण एक अडचण दुसऱ्याच दिवशी लक्षात आली. शेण. पेंढ्यावरच्या बैलाचं शेण तपकिरी, घट्ट. वेल खाल्लेल्याचं हिरवंगार, पातळ. गुरं राखणाऱ्या बाईनं दारातूनच ओळखावं असं. मग पिल्नामनं काय करावं? फावडं घेतलं आणि मिरानचा गोठा झाडला. पार कोपऱ्यापर्यंत. वर गटारात बादलीभर पाणी ओतलं. त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. आधी वेल, मग बैल खाईस्तोवर थांबणं, मग आदल्या दिवशीचं शेण काढणं, भुसा पसरणं, पाणी ओतणं. स्वतःच्या गोठ्यात तिला कंबर दुखते म्हणून दकसू शेण काढायचा, आणि जावेच्या गोठ्यात ती एकटी फावडं मारायची.

वेल संपले तेव्हा थंडी पडली. मग छपराखाली वाळत घातलेला मुळ्याचा पाला होता, तो भिजवून नेला. वसंतात बांधावरचा कोवळा दवणा आला. पुन्हा उन्हाळ्यात वेल. वेल तोडून तोडून तिची बोटं टोकांना काळी पडली, नखांत तो डाग बसला.

धाकटा आता तिच्या पावलांचा आवाज ओळखायचा. लांबूनच हंबरायचा. “गप रे, गप, तुझ्या तोंडाला काय आग लागली?” ती दबक्या आवाजात खेकसायची आणि त्याच्या कपाळावर थाप मारायची. कपाळ गरम असायचं, केसांत भोवरा. कधीकधी काम संपल्यावरही ती थोडी रेंगाळायची. त्याच्याशी बोलायची. मिरानविषयीच बोलायची, दुसरं काय. “तुझी ती मालकीण आज पुन्हा लाल ओढणी गुंडाळून गेली बघ. विधवा आहे का नवरी आहे?” धाकटा सरळ तिच्या तोंडाकडे बघत चावत राहायचा. त्याच्या डोळ्यांचं पाणी कधी थांबलं ते तिला कळलंच नाही.

एके सकाळी ती मिरचीच्या वाफ्यात होती आणि वाडीच्या भोंग्यातून प्रमुखाचा घसा साफ करण्याचा आवाज आला. रोज सकाळी तो हवामान, औषध फवारणी, कोणाची कोंबडी हरवली असलं काहीतरी सांगायचा.

“अं, अं. मंडळी, ऐका. खतं आलीत, घेऊन जा. दुसरी गोष्ट. आपल्या वाडीत जावा-जावांचं कसं असतं ते मी सांगायला नको. पण दकसूची बायको गेले कित्येक महिने, धाकटी जाऊ म्हाताऱ्यांचा स्वयंपाक करते म्हणून, रोज दुपारी जाऊन तिच्या गोठ्याचं शेण काढते. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. कोणाला बोलली नाही, दाखवलं नाही. असं असावं माणसानं. बस्स, एवढंच.”

डोंगरावर आदळून ते शेवटचं वाक्य दोनदा ऐकू आलं. पिल्नाम मिरच्यांत मटकन खाली बसली. शेजारच्या वाफ्यातल्या म्हातारीनं हात उंचावून तिला शाबासकी दिली. पिल्नामला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं, आणि त्याच वेळी, काय सांगायचं, थोडं बरंही वाटलं. भोंग्यावर तिचं नाव आजवर कधी आलं नव्हतं. तेही आलं ते असं, म्हणून मग तिला रडू आलं.

संध्याकाळी मिरान गरम भाकऱ्यांची टोपली घेऊन आली. “वहिनी, तुम्ही कशाला हो कष्ट घेता?”

“कंबर मोकळी होते,” पिल्नाम तुटकपणे म्हणाली.

मिरानची नजर तिच्या हातांवर होती. “बोटं काळी झालीत तुमची.”

“देठ सोलते ना मी. तुझी नाही का होत काळी?”

“होतात की,” मिरान म्हणाली, आणि टोपली ठेवून गेली.

*

उन्हाळ्याच्या शेवटी डॉक्टरीणबाई पुन्हा आली. पडद्यावर दोन्ही बैलांच्या पाठीचं आतलं चित्र उमटलं. धाकट्याचं बघताना तिनं कपाळाला आठ्या घातल्या. “मिरानबाई, याचा वेग मंदावलाय. मागचं बघता आत्तापर्यंत जाळी भरून यायला हवी होती. हिरवं वगैरे काही…?”

पिल्नामनं किल्लीचा दोरा मुठीत आवळला.

“छे,” मिरान म्हणाली. “माझ्याकडे कुठलं हिरवं? उकाड्यानं असेल.”

बावळट आहे, पिल्नामच्या मनात आलं. शुद्ध बावळट. इतकी वर्षं मी हिच्यावर जळले आणि हिला स्वतःच्या बैलाची जीभसुद्धा बघता येत नाही.

“थोरल्यानं मात्र कमाल केली हं!” डॉक्टरीणबाई दुसऱ्या गोठ्यातून ओरडली. “जागी झाली सगळी, वहिनी, जागी झाली! काय जाळी आहे!”

पिल्नामच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण लगेच डॉक्टरीणबाईनं खिशातला छोटा दिवा काढला, थोरल्याच्या डोळ्यांवर धरला, बाजूला नेला, पुन्हा धरला. तिचा आवाज बदलला. “बाहुली आकसत नाहीये. याला अंधुक दिसतंय, कदाचित दिसतच नाहीये. हिरवं तोडून तुम्ही फार ताणलंत, अ जीवनसत्त्व संपलं की डोळे जातात. आजच्या आज जीवनसत्त्वाची सुई द्या याला. थोडी जाळी कमी झाली तर होऊ दे.”

“देते,” पिल्नाम म्हणाली.

दकसूनं औषधाची बाटली आणली. ती कपाटावरच राहिली. रात्री जेवताना तो म्हणाला, “अगं, तो भिंतीला अंग घासत चालतो. संध्याकाळी त्याला गव्हाण सापडत नाही.”

“पौर्णिमा किती लांब आहे? तेवढी निघू दे.”

“पण पिल्नाम…”

“तुमच्या वडलांच्या ताटात कोणाच्याही घरचं मांस गेलं तरी तुम्हाला चालेल हो. तुम्ही मुलगेच. मला नाही चालणार.”

दकसू वाटीतला भात बघत राहिला. तो आवाज चढवणाऱ्यातला नव्हता, आणि त्या दिवशी तो तसा असता तर बरं झालं असतं.

*

ट्रक आला तो सकाळी. फळी लावली. वाडीची माणसं होतीच.

आधी धाकटा निघाला. मिराननं त्याची वेसण धरली होती, पण धरायची गरजच नव्हती. फळीपाशी तो थांबला, खाली बघितलं, पाय उचलून नीट ठेवला, मग दुसरा. वर चढल्यावर त्यानं मान वळवली आणि सगळ्या घोळक्यातून बरोबर पिल्नामकडे बघून हंबरला. लांब, ओळखीचा. वेळ झाली नाही का, असं विचारणारा.

“बघा, मोठ्या मालकिणीला ओळखतो!” प्रमुख कौतुकानं म्हणाला. पिल्नामनं तोंड फिरवलं.

मग तिनं कुलूप काढलं. थोरला दारातच अडला. लख्ख ऊन होतं, आणि तो डोळे टक्क उघडे ठेवून त्या उन्हात उभा होता. दकसूनं ओढलं तसा तो पुढे आला, फळीच्या कडेला पाय पडला, गुडघ्यांवर कोसळला. चौघांनी उठवला. पुन्हा पडला. मागून ढकलताना कोणीतरी काठी उगारली.

“मारू नका रे,” सासूबाई म्हणाल्या. त्या काठी टेकत पुढे आल्या, त्यानं हुंगावं म्हणून हात नाकाशी नेला. हातात काही नव्हतं. तरी तो हाताच्या वासानं चालायला लागला, आणि त्या म्हाताऱ्या हातामागून एक एक पाऊल चाचपत ट्रकमध्ये चढला.

आत दोघं भाऊ शेजारी शेजारी उभे राहिले. थोरल्यानं मान टाकली ती धाकट्याच्या पाठीवर.

*

दुसऱ्या दिवशी फोन आला. थोरला डबल प्लस, सर्वांत वरचा दर्जा. धाकटा त्याच्याखालचा, एकच प्लस.

“डबल प्लस!” पिल्नाम अंगणात येऊन ओरडली. शेजारच्या अंगणात मिरान मिरच्या वाळत घालत होती. “डबल प्लस आला गं आमचा!”

“अभिनंदन वहिनी,” मिरान म्हणाली. मनापासून म्हणाली. तिच्या आवाजात कुठं कडवटपणा सापडतोय का म्हणून पिल्नामनं कान टवकारले होते. नाही सापडला.

पौर्णिमेच्या सकाळी ताट मांडलं. नवा भात, पेअर, खजूर, माशाचा तुकडा, आणि मधोमध परतलेलं मांस, कापताना लोण्यातून जावी तशी सुरी गेली होती असं. पिल्नामनं ते स्वतःच्या हातांनी ठेवलं. पुरुषांनी नमस्कार केले. मग सगळे जेवायला बसले आणि प्रसादाचा पहिला तुकडा सासूबाईंच्या वाटीत पडला.

त्यांनी तो जेवायच्या काड्यांनी उचलला, बघितला, परत ठेवला.

“हा माझा तो, नाही का?” त्या म्हणाल्या. “त्याचे डोळे का गं तसे झाले होते शेवटी?”

दकसूनं मान खाली घातली. पिल्नामनं वाटी खाली ठेवली. आता सांगतील, सगळे सांगतील.

“ऊन होतं ना आई,” मिरान म्हणाली. “गोठ्यातून एकदम उन्हात आला. दिपले डोळे त्याचे.”

“असं होय,” सासूबाई म्हणाल्या. मांसाला त्यांनी हात लावला नाही. रताळ्याच्या देठांची भाजी तेवढी भाताला लावून खाल्ली.

जेवणं झाल्यावर दोघी जावा न्हाणीपाशी भांडी घासत बसल्या. पिल्नामला राहवलं नाही. “कशाला खोटं बोललीस? उपकार करतेस माझ्यावर?”

मिरान ताटली घासत राहिली. “तुमच्यासाठी नाही बोलले. आईंसाठी बोलले.”

“तुला माहीत होतं?”

“सुईचं? दकसूभावजींनी सांगितलं.”

“नाही. दुसरं.”

मिराननं ताटली पालथी घातली. “वहिनी, शेण तुम्ही छान झाडायचात. पण संध्याकाळी मी त्याला पाणी दाखवायची ना, तेव्हा त्याची जीभ हिरवी असायची. रोज. जीभ कशी झाडणार होतात?”

पिल्नामचे हात पाण्यात तसेच राहिले.

“पहिल्या दिवशी मला इतका राग आला, म्हटलं वाडी गोळा करावी. चुलीजवळ बसून रडले. मामंजींच्या ताटात एकदा, फक्त एकदा, माझ्या घरचं जावं असं मलाही होतंच हो. मी नको नको म्हणते म्हणून नको असतं असं थोडंच आहे? पण धाकट्याचे डोळे गळायला लागले होते. गव्हाणीवर तोंड आपटायचा. मला कळत होतं आणि मी काही करत नव्हते, मीही तुमच्यासारखीच. तुम्ही वेल घातलेत. मग एक दिवस मी पाणी घेऊन गेले तर त्यानं माझ्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत. म्हटलं, जाऊ दे. घालताहेत तर घालू देत.”

पिल्नामच्या आत काहीतरी नेहमीसारखं पेटायला निघालं होतं. इथंही हीच वरचढ, वाईट मी करायचं आणि त्यातलं चांगलं हिच्या पदरात पडायचं. पण ते पेटलं नाही, नुसताच धूर झाला.

“मग थोरल्याला…” ती म्हणाली, आणि थांबली.

“आले होते मी,” मिरान म्हणाली. “दोनदा आले. ओढणीखाली वेल घेऊन. कुलूप होतं.”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्नाम बांधावर गेली. रोजची वेळ झाली होती आणि पाय आपोआप निघाले. हातांनी वेलांची जुडी बांधली, आणि मग ती दोन गोठ्यांच्या मध्ये, गटारापाशी, जुडी घेऊन उभी राहिली. मिरानचा गोठा झाडलेला होता. तिथं काही काम नव्हतं.

तिनं गळ्यातली किल्ली काढली आणि आपल्या गोठ्याचं कुलूप उघडलं. बैल गेल्यावरही तिनं ते सवयीनं लावलं होतं. आत पेंढ्याचा वास होता. डोळे अंधाराला सरावले तेव्हा तिला भिंतीच्या फळ्यांवर एक रेघ दिसली. दाराच्या चौकटीपासून निघालेली, बैलाच्या नाकाच्या उंचीला, सगळ्या कोपऱ्यांतून फिरत गव्हाणीपर्यंत गेलेली. घासून घासून तिथलं लाकूड काळं आणि गुळगुळीत झालं होतं.

पिल्नामनं त्या रेघेवर बोटं टेकवली आणि तिच्यावरून हात फिरवत ती शेवटपर्यंत गेली. गव्हाण होती. हातातली जुडी तिनं सोडून, वेल नीट पसरून, तिच्यात ठेवली.

बाहेर येताना तिनं दार नुसतं लोटून घेतलं.